जँगोच्या स्थापनेतील एक विसंगती

झाडीबोलीच्या शब्दसंग्रहाकरिता भद्रावती येथील घरच्या संगणकावर ‘जँगो’ ही पायथन भाषेतील, २००५ साली प्रथम प्रसृत झालेली, संकेतस्थळ-रचनेची चौकट बसविताना प्रस्तुत लेखकास एक विसंगती आढळली. ‘पिप’ हा स्थापक ‘स्थापना यशस्वी’ म्हणे. पायथन मात्र ‘जँगो नावाचा घटक नाही’ असे सांगे.

दोन्ही विधाने सत्य होती. संगणकावर पायथनच्या दोन प्रती नांदत होत्या. पिपने एकीच्या भांडारात जँगो ठेविले आणि शोध दुसरीच्या भांडारात चालला होता. अशा वेळी विद्यार्थी सर्वच पुनःस्थापित करतात आणि संध्याकाळ व्यर्थ दवडतात, कारण दुसरी प्रत जागच्या जागीच राहते. पिपला स्वतंत्रपणे न बोलाविता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो’ अशी आज्ञा द्यावी (टंकन अर्थातच रोमन लिपीत). म्हणजे जी प्रत शोधणार, तिच्याच भांडारात वस्तू पडते. त्याहून बरे म्हणजे ‘व्हेन्व्ह’च्या साहाय्याने प्रत्येक प्रकल्पास निराळे भांडार द्यावे.

दोषसंदेशाची लांबी पाहून दचकू नये. मराठी वाक्यातील क्रियापदाप्रमाणे त्याचेही मर्म अखेरीस असते. प्रथम शेवटची ओळ वाचावी. ‘पायथन -एम जँगो --व्हर्जन’ या आज्ञेस आवृत्तीचा आकडा उत्तरादाखल आला की शब्दसंग्रहाकडे वळावे.