नाक्यावरची पोरं आणि आमचे गुरुजी

सोमवारी अजिंठा लेणी बंद, म्हणून फर्दापूरच्या माझ्या गारगोट्यांच्या दुकानातही शुकशुकाट. मग गल्ल्यापाशी ‘वासूनाका’. भाऊ पाध्यांची ही १९६५ची कादंबरी: मुंबईच्या नाक्यावरची टवाळ पोरं, शिवराळ बोली आणि सांगणारा पोक्या इतका निर्ढावलेला, की आधी हसू फुटतं, मग लाज वाटते. आचार्य अत्रे तिच्यावर तुटून पडले; दिलीप चित्र्यांना पाध्ये मोठे वाटले. आमच्याकडेही तेच. गुरुजींनी पुस्तक अर्ध्यातच परत केलं. रिक्षावाला भाचा म्हणतो, ‘मामा, यातले निम्मे आपल्या स्टँडवर उभे असतात!’ शिव्यांचं काय, त्या बाजारात फुकट ऐकू येतात. पाध्ये पोरांना झोडपत नाहीत, कुरवाळतही नाहीत. खटकतं ते हेच असावं. पोरींचं दुखणं मात्र पोक्याला दिसतच नाही. तिथं मी गुरुजींच्या बाजूचा.