सेवेचं कुंपण: एसईलिनक्सचा नकार कसा वाचायचा

मागच्या व्याख्यानात आपण फाइलींच्या नेहमीच्या परवानग्या पाहिल्या. फाइल ज्याची, तोच ठरवतो की ती कोणी वाचायची. आणि रूटला तर सगळंच मोकळं. आता समजा, अपाचे हा वेब सर्व्हर मागे चोवीस तास चालू आहे आणि त्यातल्या एखाद्या त्रुटीतून कोणी आत शिरला. मग सर्व्हरला जे जे करता येतं, ते ते त्यालाही करता येणार. सक्तीचं प्रवेश-नियंत्रण लागतं ते इथे.

अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने २००० साली खुलं केलेलं एसईलिनक्स २००३ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. त्यात प्रत्येक प्रक्रियेला आणि फाइलीला एक लेबल असतं. कोणत्या लेबलाने कशाला हात लावायचा, हे धोरण ठरवतं. धोरणात जे नाही, ते करता येत नाही. मालकाने परवानगी दिली असली तरी.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. आपण होम फोल्डरमध्ये पान तयार केलं आणि ‘एमव्ही’ने सर्व्हरच्या फोल्डरमध्ये हलवलं. परवानग्या ठीक आहेत, तरी ब्राउझर ४०३ दाखवतो. का? तर फाइल येताना जुनं लेबल घेऊन आली. ‘सीपी’ने साधी प्रत केली असती, तर तिला नव्या जागेचं लेबल मिळालं असतं.

अशा वेळी हात जातो ‘सेटएनफोर्स ०’ कडे. साइट चालते, पण एका पानासाठी आपण मशीनवरच्या सगळ्याच सेवांचं कुंपण काढलेलं असतं.

त्यापेक्षा आधी ऑडिट लॉग उघडू. नकाराच्या ओळीत तीन गोष्टी सापडतात: कोणी मागितलं, कशावर, आणि काय करायला. लेबल चुकलं असेल तर ‘रीस्टोअरकॉन’ पुरतं. साइट वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवायची असेल, तर आधी ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ने नियम नोंदवायचा, मग ‘रीस्टोअरकॉन’ चालवायचं. नुसत्या ‘सीएचकॉन’ने लावलेलं लेबल पुढच्या रीलेबलिंगमध्ये पुसलं जातं. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल, तर त्यासाठी तयार बूलियन आहे; ते ‘सेटसीबूल’ने चालू करायचं.

शोधायला वेळ हवा असेल, तर ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने फक्त त्या एका सेवेला तात्पुरती सूट देता येते. तिचे नकार लॉगमध्ये येत राहतात.

‘ऑडिटटूअलाऊ’ मात्र शेवटी. ते नकारांवरून परवानगीचे नियम लिहून देतं, पण तो नकार योग्य होता की नाही, हे त्याला कळत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.