पंधरा मीटर आणि २४४ सामने

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा कसोटी सामना आठवतो. पण हे मैदान वर्षातले बरेच महिने क्रिकेटचं नसतंच. मार्च ते सप्टेंबर तिथे वेगळाच खेळ चालतो आणि त्याला क्रिकेटपेक्षा जास्त गर्दी होते. त्याचं नाव ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिथली माणसं त्याला नुसतं 'फुटी' म्हणतात. गंमत अशी, की हा खेळ जन्माला आला तोच क्रिकेटच्या पोटी. हिवाळ्यात क्रिकेटपटूंच्या अंगाला गंज चढू नये म्हणून टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने पुढाकार घेतला आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे नियम कागदावर उतरवले.

मैदान क्रिकेटचं, म्हणजे लंबवर्तुळाकार. चेंडूही लंबगोल. एका संघाचे अठरा खेळाडू मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने मारला की गोल, त्याचे सहा गुण. कडेच्या खांबांमधून गेला तर एकच गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण दर पंधरा मीटरला तो एकदा जमिनीवर टेकवावा लागतो. हाताने फेकायला मात्र बंदी. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसायचा. समोरच्याला धरून पाडता येतं. आपल्याकडे कबड्डीत चढाई करणाऱ्याची पकड होते, तशी पकड इथे पळत्या माणसाची होते. आणि लाथेने उडवलेला चेंडू हवेतच झेलला तर खेळ क्षणभर थांबतो. झेलणाऱ्याला निवांतपणे मोकळी किक मिळते. तो मारत असताना प्रतिस्पर्ध्यांनी आखून दिलेल्या जागेच्या पुढे यायचं नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या खेळातला एक व्यावसायिक खेळाडू कसा घडतो हे समजून घ्यायचं, तर मी जिम स्टाइन्सचं उदाहरण घेईन. तिथली मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून हा चेंडू लाथाडत वाढतात. जिमने मात्र अठराव्या वर्षापर्यंत तो हातातही धरला नव्हता.

जिमचा जन्म १९६६ चा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. तिकडे गेलिक फुटबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू गोल, खेळाडू पंधरा, पण उंच उडी मारून झेल घेणं आणि चेंडू टप्पे पाडत पळणं फुटीशी मिळतंजुळतं. मोठा फरक पैशाचा. गेलिक फुटबॉल हा हौशी खेळ. ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस सोमवारी सकाळी आपल्या नोकरीवर हजर. मेलबर्न क्लबच्या मंडळींनी, त्यात प्रशिक्षक रॉन बरासी आले, नेमकं हेच हेरलं. उंच, दमदार, पळणारी मुलं तिथे आहेत आणि त्यांना कोणीही पगार देत नाही. क्लबने आयरिश वर्तमानपत्रांत चक्क जाहिरात दिली. शिक्षणाचा खर्च आम्ही करू, तुम्ही या आणि आमचा खेळ शिका. डब्लिनच्या कुमार संघातून १९८४ साली आयर्लंडचं विजेतेपद मिळवलेला जिम त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नला पोहोचला. लोक या साऱ्याला 'आयरिश प्रयोग' म्हणू लागले. शब्दातच थोडी थट्टा होती.

सुरुवात वाईटच झाली. लंबगोल चेंडू पायावर बसता बसेना. गोल चेंडू कसाही सोडला तरी पायाला सारखाच लागतो. हा मात्र हातातून सुटताना बोटभर कलला तरी भलतीकडे जातो. १९८६ साली त्याला प्राहरान या दुय्यम स्पर्धेतल्या संघाकडून खेळावं लागलं. मेलबर्नच्या मुख्य संघात पहिला सामना मिळाला तो १९८७ मध्ये.

आणि त्याच वर्षी ती गोष्ट घडली.

मेलबर्न क्लब १९६४ नंतर पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचला होता. एक सामना जिंकला की अंतिम फेरी. समोर हॉथॉर्न. शेवटच्या क्षणी मेलबर्नकडे चार गुणांची आघाडी. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला मोकळी किक मिळाली, पण गोल जवळजवळ ५५ मीटरवर. एवढ्या लांबून गोल होणं कठीणच. तेवढ्यात जिम आपल्या प्रतिस्पर्ध्यामागे धावत त्या मनाई असलेल्या जागेतून आडवा गेला. पंचांनी शिट्टी फुंकली आणि पंधरा मीटरचा दंड दिला. बकेनारा पुढे आला, सामना संपल्याचा भोंगा वाजून गेला होता, त्याने किक मारली आणि गोल झाला. मेलबर्न दोन गुणांनी हरलं. एकवीस वर्षांचा, परदेशी, जेमतेम एक हंगाम खेळलेला मुलगा आणि तेवीस वर्षं वाट पाहिलेल्या लोकांचा राग! सहाच महिन्यांपूर्वी त्याला कोणी ओळखत नव्हतं. आता सगळे ओळखू लागले. पुढच्याच वर्षापासून त्या दंडाचं अंतर वाढवून ५० मीटर करण्यात आलं.

खरं तर इथे त्याची कारकीर्द संपली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं. सामन्यामागून सामना खेळत राहणं हेच त्याचं उत्तर होतं, असं मला वाटतं. १९८७ च्या त्या हंगामातच सुरू झालेली सलग सामन्यांची मालिका १९९८ पर्यंत तुटली नाही. सलग २४४ सामने! या आधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा, २०२ सामन्यांचा. फुटीत शिरस्त्राण नाही, छातीला कवच नाही, आणि प्रत्येक आठवड्याला शंभर किलोचे गडी अंगावर येतात. बरगड्या, गुडघे, खांदे, बोटं, काही ना काही दुखावलेलं असतंच. त्यात जिमची जागा 'रकमन'ची. त्या काळी पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू आपटून उंच उडवत आणि दोन्ही संघांचे सर्वांत उंच गडी गुडघे पुढे काढून एकमेकांवर झेपावत. हे काम आठवड्यामागून आठवडे, अकरा वर्षं, एकदाही सुट्टी न घेता.

तो यशस्वी का झाला याचं कारण मात्र सोसण्यात नाही, फुप्फुसांत आहे. रकमन म्हणजे धिप्पाड गडी, चेंडूला थाप मारायची आणि मग सावकाश पुढच्या टोकाकडे जायचं, अशी समजूत होती. १९९ सेंटिमीटर उंचीचा जिम थाप मारून झाल्यावर मधल्या फळीतल्या चपळ खेळाडूंसारखा मैदानभर पळत राहायचा. समोरचा रकमन तिसऱ्या सत्रात धापा टाकू लागला की जिम मोकळा. गेलिक फुटबॉलने दिलेली ही शिदोरी होती.

१९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळालं. हे पदक प्रेक्षक किंवा पत्रकार ठरवत नाहीत. प्रत्येक साखळी सामन्यानंतर मैदानावरचे पंच तिघा खेळाडूंना तीन, दोन आणि एक असे गुण देतात. हंगामभर ते गुप्त राहतात आणि शेवटी एका रात्री मोजले जातात. ज्या खेळाडूवर त्या हंगामात बंदीची कारवाई झाली असेल, त्याला कितीही गुण मिळोत, पदक मिळत नाही. ऑस्ट्रेलियाबाहेरून आणलेल्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. १९८८ साली मेलबर्न अंतिम फेरीत पोहोचलं आणि त्याच हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हरलं. १९९८ मध्ये हात मोडला, सलग सामन्यांची मालिका तुटली आणि त्या हंगामानंतर तो निवृत्त झाला. एकूण सामने २६४.

व्यावसायिक खेळाडूला तिशीच्या आसपास नवं आयुष्य शोधावं लागतं. मानधन थांबतं आणि त्याच्याबरोबर दिवसाचं वेळापत्रकही जातं. जिमने ही तयारी खेळत असतानाच केली होती. १९९४ साली पॉल करी या मित्राबरोबर त्याने 'रीच' ही संस्था काढली. पौगंडावस्थेतल्या मुलांना एकत्र बसवायचं आणि एरवी जे बोलत नाहीत ते बोलतं करायचं, एवढंच तिचं काम. १९८७ ची ती चूक तो मुलांना स्वतःच सांगत असे.

२००८ मध्ये तो मेलबर्न क्लबचा अध्यक्ष झाला. क्लबवर सुमारे पन्नास लाख डॉलरचं कर्ज होतं. पुढच्याच वर्षी त्याला कर्करोगाचं निदान झालं. मेंदूवर एकामागून एक शस्त्रक्रिया होत होत्या आणि त्याच काळात तो देणग्यांसाठी लोकांना भेटत होता. ऑगस्ट २०१० मध्ये कर्ज फिटलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं आणि २० मार्चला तो गेला. वय अवघं पंचेचाळीस. त्याला निरोप द्यायला मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आणि बाहेरच्या चौकात लोक जमले. अंत्यसंस्कार सरकारी इतमामात झाले.

मेलबर्न क्लबला विजेतेपद मिळालं ते २०२१ साली, सत्तावन्न वर्षांनी. कोरोनामुळे तो अंतिम सामना घरच्या मैदानावर नव्हे, पर्थला झाला. आता दरवर्षी आयरिश मुलं या स्पर्धेत येतात, मुलींच्या स्पर्धेत तर बऱ्याच. त्यांना कोणी प्रयोग म्हणत नाही.