काखेतला साक्षीदार

फुलंब्रीतल्या एका दवाखान्यात भावाच्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन बसले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस द्यायची होती. सिस्टरांनी फ्रिजमधली तापमापी पाहिली, पारा २ ते ८ अंशांत आहे ना याची खात्री केली आणि कुपी काढून हलवली. आतलं पाणी दुधाळ झालं. अर्धा मिलिलिटर, डाव्या दंडात. "आत्या, झालं पण?" मिटलेले डोळे उघडत ती म्हणाली. एखादीला चक्कर येते, म्हणून पंधरा मिनिटं तिथंच बसायचं होतं.

लस पुण्याच्या सिरमची, २०२२ मध्ये मंजुरी मिळालेली. तिच्यात या कर्करोगामागचा विषाणू, एचपीव्ही, नसतो, त्याचं नुसतं टरफल असतं, यीस्टमध्ये बनवलेलं. दंडातल्या पहारेकरी पेशी ते उचलतात, त्याचे तुकडे करतात आणि काखेतल्या गाठीत नेतात. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं ना, तसल्याच या गाठी. तिथल्या बी-पेशी टरफल आपणहून पकडतात, पण तेवढ्यावर भागत नाही. खरेदीखताला साक्षीदार लागतो, तशी इथं सहायक टी-पेशी लागते. तिला पहारेकऱ्याकडे तोच तुकडा दिसलेला असतो. बी-पेशीकडेही तो ओळखला की ती होकार देते. मग बी-पेशी वाढतात, त्यांतल्या सरस निवडल्या जातात आणि काही हाडांच्या मगजात मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवतात. कौतुक सगळं त्या प्रतिपिंडांचं होतं. साक्षीदाराचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खरं तर ही पेशी आपल्याकडे अनोळखी नाही. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या बाया एकमेकींना विचारतात, "तुझा सीडी-फोर किती आला?" तो आकडा म्हणजे याच पेशींची मोजणी. एचआयव्ही त्यांनाच संपवतो. त्या बायांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो, तो उगीच नाही.

झालेल्या कर्करोगावर लस शोधणाऱ्यांनाही या पेशीने चकित केलं. २०१७ मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेने त्वचेच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांसाठी, ज्याच्या त्याच्या कर्करोगाच्या गाठीतले बदल हेरून, वेगवेगळ्या लसी केल्या. बेत मारेकरी टी-पेशी जाग्या करण्याचा होता. लसीतल्या तुकड्यांपैकी त्यांनी ओळखले १६ टक्के. सहायक पेशींनी ६० टक्के.

आपल्या मराठवाड्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जगाला आधीच शिकवलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या कर्करोगाने ६४ जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. ते ६४ डोक्यात होते, म्हणूनच लसीसाठी मी वहिनीच्या मागे लागले होते.

सिस्टरांनी कार्डावर सहा महिन्यांनंतरची तारीख घातली. "विसरू नका हं, ताई." मधल्या काळात काखेतली आठवण मुरते, मग दुसरा डोस तिला जागं करतो. वहिनीने कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं आणि आम्ही सिल्लोड रस्त्यावर रिक्षा बघू लागलो.