विमानाचे सोळा तास

मुलगी अमेरिकेत, तिचे बाळंतपण, आणि आई-वडील आयुष्यात प्रथमच विमानात बसणार. अशी जोडपी हल्ली आपल्या तालुक्याच्या गावांतूनही निघतात. दवाखान्यात येऊन सर्दी-तापाच्या गोळ्या लिहून नेतात; प्रवासाबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही तेथे पोचायला १५-१६ तास लागतात. येताना वारा पाठीशी असल्याने वेळ बहुधा थोडा कमी लागतो.

मधुमेहाच्या रुग्णांनी येथे नीट लक्ष द्यावे. समजा, विमान हिवाळ्यात मुंबईहून रात्री २ वाजता सुटले. सोळा तासांनी उतरले, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजलेले असतात, पण न्यूयॉर्कला त्याच तारखेची सकाळ, साडेसात! म्हणजे एकाच दिवशी दोन सकाळी. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन विमानात घेतलेले असते. मुलीच्या घरी नाश्ता समोर आला की पुन्हा घेतले जाते. रक्तातील साखर एकदम उतरून घाम, थरथर, बेशुद्धी येऊ शकते. यासाठी उतरेपर्यंत मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि पुढच्या दोन दिवसांचे डोस निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच हवे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट पायांची. तासन् तास गुडघे दुमडून बसल्याने पोटरीच्या खोल शिरांत रक्त साकळू शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले की चार तासांहून जास्त वेळ असे बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाच्या आसपास, म्हणून घाबरू नये. नुकतेच ऑपरेशन झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कॅन्सरचे रुग्ण व फार स्थूल माणसे यांनी मात्र आधी सल्ला घ्यावा. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नये. जागे असताना तासा-दोन तासांनी उठावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत.

आपल्या बायका संडासला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. विमानातली हवा फार कोरडी असते, तहान मारू नका. कडेची जागा मागून घ्या, शेजाऱ्याला उठवण्याचा संकोच राहत नाही.

विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तितका असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ हवा. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. हृदयविकार, जुना दमा किंवा रक्त फार कमी असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

परतल्यावर चार-आठ दिवस झोप उलटीपालटी होते, ती आपोआप बसते. पण प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट इस्पितळ गाठा, आणि विमानप्रवास झाल्याचे तेथे आवर्जून सांगा.