शेवटच्या दहा सेकंदांतली बोली

ईबेवर जुना कॅमेरा दिसतो, बोली ४० डॉलरवर. नवखा माणूस ४१ लावतो, कुणीतरी लगेच वर जातं, हा पुन्हा चढवतो. आणि बघता बघता ईर्ष्येपायी भाव कुठच्या कुठे! वास्तविक इथे असं पायरी-पायरीने चढायची गरजच नाही. आपली कमाल रक्कम, समजा ७० डॉलर, एकदाच टाकायची. ती गुप्त राहते आणि यंत्रणा तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. दुसऱ्याची कमाल ५५ असेल, तर कॅमेरा तुम्हाला ५६ला पडतो. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत मोजायची, या पद्धतीचं गणित विल्यम विकरी यांनी १९६१मध्येच मांडलं होतं. १९९६चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले.

मग लोक शेवटच्या सेकंदापर्यंत दबा धरून का बसतात? समोरच्या हौशी गड्याला चेव चढायला वेळच मिळू नये म्हणून. अ‍ॅमेझॉनच्या एकेकाळच्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदतच वाढायची. तिथे ही धांदल बरीच कमी होती, असं रॉथ आणि ऑकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं. बोली कधीही लावा, पाठवणावळ मात्र कमाल रकमेतून आधीच वजा करा.