मालेगावचा साधा यंत्रमाग

साधा यंत्रमाग म्हणजे ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर बसवलेले कापड विणण्याचे यंत्र. मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठच्या मालेगावात एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग रुजवला. 1930च्या दशकात तिथे विजेवरचे माग आले. पुढे गिरण्यांनी काढून टाकलेले जुने मागही या शहरात पुन्हा उभे राहिले आणि रंगीत साड्या, कोरे कापड विणू लागले.

मागाची मूळ घडण इंग्लंडमधल्या लँकेशायरची, 1840च्या दशकातली. मोटर पट्ट्याने वरचा दांडा फिरवते. तो एकदा फिरला की एक बाणा, म्हणजे आडवा धागा, पडतो. खालचा दांडा निम्म्या गतीने फिरतो, म्हणून बाण्याची कांडी वाहून नेणारा धोटा आळीपाळीने दोन्ही बाजूंनी मारता येतो. धागे उचलणारी वही वरखाली होऊन ताण्याचे उभे धागे फाकतात, त्यांच्यामधून धोटा जातो आणि फणी बाणा ठोकून घट्ट बसवते. मिनिटाला 150 बाणे आणि इंचात 60 बाण्यांचे कापड धरले, तर तासाला जेमतेम पावणेचार मीटर कापड निघते, तेही माग मध्ये कुठे थांबला नाही तर.

लोखंडी सांगाड्याला एवढे वजन कशासाठी, याचे उत्तर धोट्यात आहे. कांडीवरच्या बारीक सुतासाठी त्याच्या कितीतरी पट जड लाकडी धोटा दर वेळी फेकावा आणि पलीकडे अडवावा लागतो. फणीची चौकटही तितक्याच वेळा पुढेमागे आदळते. हे हादरे हलका सांगाडा सोसणार नाही. ओतीव लोखंड ते बऱ्याच अंशी जिरवते. जाडजूड, सुटे भाग आणखी एका अर्थाने सोयीचे आहेत. तुटलेले चाक गावातल्या कारखान्यात बदलून मिळते, धोटा मारणारा लाकडी दांडा सुतार करून देतो आणि जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, पाना-हातोडीवर माग पुन्हा जुळवतो. थोड्या भांडवलात धंदा करणाऱ्या मालकाला हा फार मोठा आधार आहे. साध्या मागाला मागासलेला ठरवताना हे विसरले जाते.

किंमत मात्र कामगार मोजतो. मागांच्या खोलीतला आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो, शेजारच्याशीही ओरडूनच बोलावे लागते आणि वर्षानुवर्षांच्या कामाने ऐकू येणे कमी होते. उघडे पट्टे आणि सुटून उडणारा धोटा हे धोके वेगळेच. धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा, सुधारित ब्रेक आणि नायलॉनचे भाग जुन्याच सांगाड्यावर बसवण्यासाठी सरकारी अनुदान मिळाले; 2017च्या पॉवरटेक्स योजनेतही ते होते. त्यामुळे कापडातले दोष कमी होतात, पण धोटा तोच राहतो, आणि त्याच्याबरोबर आवाज व वेगाची मर्यादाही. बिनधोट्याचा रेपियर माग दोन्हींत सरस आहे, पण त्याला लागणारे भांडवल छोट्या मालकाच्या आवाक्याबाहेरचे असते.